दूरचा डोंगर धूसर का आला?

विद्यार्थी मित्रहो, घरातल्या जुन्या ट्रंकेत कधी कधी एखादा घडीचा कॅमेरा सापडतो. कळ दाबली की झाकण उघडते आणि पेटीच्या भात्यासारखा काळा भाता भिंगाला घेऊन पुढे सरकतो. शटर ‘टक्’ आवाज करून उघडते, भिंगावर चरा दिसत नाही. तुम्ही हौसेने फिल्म आणता, खर्च करून ती धुऊन घेता, आणि पाहता तो काय, बाराही चित्रे धूसर! मग घरातले कोणी म्हणते, “भिंग गेले, टाकून द्या.” दुसरे कोणी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसते. दोघेही घाई करतात. काच सहसा ‘जात’ नाही. ती आपल्या जागेवरून किंचित हललेली असते. कोठे आणि किती हलली, हे ते धूसर चित्रच सांगत असते. ते वाचायचे कसे, हे आज पाहू.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

पाठ्यपुस्तकातले भिंगाचे सूत्र आठवा. समजा, भिंगाचे नाभीय अंतर ८५ मि.मी. आहे. फार दूरच्या डोंगराची प्रतिमा भिंगापासून ८५ मि.मी. अंतरावर पडेल. १० मीटरवरील झाडाची प्रतिमा ८५.७ मि.मी. वर आणि ३ मीटरवर उभ्या असलेल्या मित्राची ८७.५ मि.मी. वर पडेल. म्हणजे डोंगरापासून मित्रापर्यंतचे सारे जग अवघ्या अडीच मिलिमीटरांत सामावते!

आता भिंग आपल्या जागेपासून फक्त अर्धा मि.मी. पुढे राहिले असे समजा. तुम्ही कडे फिरवून अनंताच्या, म्हणजे आडव्या आठाच्या (∞) खुणेवर आणाल. पण स्पष्ट दिसेल ती सुमारे साडेचौदा मीटरवरची वस्तू. डोंगर धूसरच राहील. सूत्रात आकडे घालून हे स्वतः पडताळून पाहा.

येथे आणखी एक गंमत आहे. भिंगाचे छिद्र एफ ४.५ वर पूर्ण उघडे असेल, तर या अर्ध्या मि.मी. च्या चुकीने प्रत्येक बिंदूचा ०.११ मि.मी. व्यासाचा ठिपका होतो. चित्र चौपट मोठे केले की तो डोळ्याला सहज खुपतो. पण छिद्र एफ १६ पर्यंत लहान केले, तर प्रकाशाचा शंकू निमुळता होतो आणि ठिपका ०.०३ मि.मी. चाच उरतो. चूक तेवढीच असते, पण झाकली जाते. म्हणून भर उन्हात कॅमेरा चांगला वाटतो आणि संध्याकाळी ‘बिघडतो’. तेव्हा परीक्षा घ्यायची ती नेहमी छिद्र पूर्ण उघडे ठेवून.

चित्राची साक्ष

धूसर चित्र हातात घ्या आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला : चित्रात कोठेतरी, भलत्याच अंतरावर का होईना, काही स्पष्ट आहे का? माणूस धूसर पण मागची भिंत रेखीव असेल, तर काच निर्दोष आहे. अंतर चुकले आहे.

दुसरा : एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर आहे का? तसे असेल तर भिंग फिल्मला समांतर नाही. घडीच्या कॅमेऱ्यात भिंगाला धरणारी पट्टी वाकली की असे होते.

तिसरा : सगळे चित्र दुधाळ आणि फिके आहे का? मग भिंगावर तिरपा टॉर्च धरून आरपार पाहा. आत धुके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर तो वाफेचा किंवा बुरशीचा दोष. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बुरशी सहज वाढते. कडे कितीही फिरवले तरी हा दोष जाणार नाही.

चौथी शक्यताही विसरू नका : हात हलला असेल! तेव्हा सगळे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसतात.

बटर पेपरची कसोटी

अंतर चुकल्याचा संशय आला की फिल्म न वापरता तो तपासता येतो. कॅमेरा रिकामा करून मागचे झाकण उघडा. फिल्म ज्या दोन पट्ट्यांवरून सरकते, त्यांवर एक सपाट काच ठेवा आणि तिच्या भिंगाकडील बाजूला बटर पेपर ताणून चिकटवा. शटर ‘बी’ वर ठेवून उघडे धरा, छिद्र पूर्ण उघडा आणि अर्ध्या किलोमीटरवरची पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस धरा. सूर्याकडे मात्र भिंग चुकूनही वळवू नका. डोळ्याला कायमची इजा होईल. कागदावर उलटी प्रतिमा दिसेल. ती हातभिंगातून पाहत कडे सावकाश फिरवा.

∞ च्या खुणेवर कळस रेखीव दिसला, तर भिंग जागेवर आहे. मग फिल्म सपाट बसत नसेल किंवा तुमचाच अंतराचा अंदाज चुकला असेल. कळस ५ मीटरच्या खुणेवर स्पष्ट झाला, तर भिंग प्रमाणापेक्षा आत गेले आहे. कडे ∞ वर टेकले तरी कळस धूसरच, पण पंधरा मीटरवरचे झाड रेखीव, असे असेल तर ते बाहेर राहिले आहे.

आयसोलेटचे उदाहरण

जर्मनीतील म्यूनिक येथे १९५० च्या दशकात तयार झालेले आगफा आयसोलेट कॅमेरे या दोषासाठी दुरुस्ती करणाऱ्यांना चांगलेच परिचित आहेत. त्यांच्या ॲग्नार व ॲपोटार भिंगांत तीन काचा असतात. कडे फिरवले की सगळे भिंग हलत नाही. फक्त पुढची काच आट्यांवरून पुढे-मागे होते. पुढची काच मधल्या काचेपासून दूर गेली की भिंगाचे नाभीय अंतर किंचित कमी होते आणि जवळची वस्तू फिल्मवर स्पष्ट होते.

पण या आट्यांतले ग्रीस वर्षानुवर्षांनी हिरवट डिंकासारखे घट्ट होते. पुढची आणि मधली काच एकमेकींना चिकटतात. कोणीतरी जोर लावून कडे फिरवतो, तेव्हा पुढचीबरोबर मधली काचही आपल्या आट्यांवरून सुटून येते. दोघींमधले अंतर बदलतच नाही. खूण ‘३ मीटर’ म्हणते, भिंग मात्र भलतेच काही पाहत असते.

उपाय नाजूक आहे, म्हणून तो जाणत्या माणसासमोरच करावा. आधी कड्याच्या आणि काचेच्या जागेवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. कड्याच्या काठावरचे तीन बारीक स्क्रू सैल केले की कडे निघते. मग चिकटलेल्या आट्यांत स्पिरिटचे थेंब सोडून वाट पाहायची. एका रात्रीत नाही सुटले तर दोन रात्री. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ दिवा किंवा शेगडी नको. आणि पक्कड तर नकोच. तिने एकदा कडा चेपली की आटे कायमचे गेले. काचा सुटल्यावर जुने ग्रीस पुसून मधली काच पूर्ण घट्ट बसवतात, पुढचीच्या आट्यांना नव्या ग्रीसचे नुसते बोट लावतात आणि बटर पेपरवर कळस रेखीव होईपर्यंत ती फिरवतात. त्याच स्थितीत कडे ∞ च्या खुणेवर बसवून स्क्रू आवळतात.

झाले का काम? अजून नाही. टेपने ३ मीटर मोजून तेथे वर्तमानपत्र टांगा आणि कडे ३ वर आणा. मथळा रेखीव दिसला पाहिजे. मधली काच अर्धवट बसली असेल, तर ∞ जुळेल पण ३ मीटर जुळणार नाही. एका ठिकाणी बरोबर आलेले मोजमाप योगायोगही असू शकते. दोन ठिकाणी आले, तरच त्यावर विश्वास ठेवावा. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो.

मित्रहो, तो कॅमेरा ज्यांनी वापरला त्यांचे हात कदाचित आज नसतील. पण त्यांनी वापरलेले भिंग अजून पाहू शकते. म्हणून पुढच्या वेळी धूसर चित्र हाती आले तर ते फाडू नका आणि लगेच स्क्रूलाही हात लावू नका. आधी चित्रात स्पष्ट काय आहे ते शोधा. दोषाचा पत्ता तेथेच लिहिलेला असतो.