मणाची यात्रा

मेट्रिक पद्धती येऊन साठांहून अधिक वर्षे लोटली. तरी गुजरातच्या बाजारांत कापूस व भुईमूग यांचे भाव आजही वीस किलोंच्या 'मणा'वर बोलले जातात. ज्या बडोदे नगरीत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९३१ साली आठ भाषांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध करविला, तेथील व्यापाऱ्यास आपल्या नित्याच्या शब्दाचे कूळ जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविकच होय.

हे कूळ फार प्राचीन आहे. बाबिलोनच्या पेढ्यांवर 'मनू' नावाचे वजन चाले. ते सुमारे अर्ध्या किलोचे असून त्याचे साठ शेकेल होत. ग्रीकांनी त्याचे 'म्ना' केले, रोमकांनी 'मिना'. बायबलातील दानिएलाच्या ग्रंथात राजवाड्याच्या भिंतीवर उमटलेली गूढ अक्षरे वस्तुतः वजनांचीच नावे आहेत, असे विद्वान सांगतात. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात सोन्याच्या 'मना'चा उल्लेख येतो. तो ह्याच कुळातील काय, याविषयी पंडितांत एकमत नाही. अरबीत 'मन्न' व फारसीत 'मन' झालेला हा शब्द मराठी-गुजरातीत 'मण', तर तमिळात 'मणंगु' म्हणून नांदतो. पोर्तुगीज दर्यावर्दी त्याला 'मांव' म्हणत. त्यांच्या भाषेत ह्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ 'हात' असा आहे! त्यावरून इंग्रजांनी 'मॉण्ड' केले.

शब्द एक राहिला, वजन मात्र गावोगाव पालटले. इंग्रजी अमदानीत मद्रासचा मण २५ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा, सुरतेचा सुमारे ३७ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून थोडा अधिक असे. बंगाली मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे. म्हणजे आजचे ३७ किलो ३२४ ग्रॅम. परगावी माल धाडताना 'मण कोणता?' हे न विचारणाऱ्याची काय गत होत असेल, हे आम्हां व्यापाऱ्यांस सांगणे नलगे. हा घोळ मिटविण्यासाठी १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. तराजूतून मण गेला. बोलीतून गेला नाही. आपले पाय अजूनही 'मणामणाचे' होतात, आणि कणभर चुकीचा बोभाटा अजूनही मणभर होतो.

ह्या यात्रेतून आम्हांस एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. नाव सारखे आणि वजन निराळे, ह्या फटीतूनच लबाडी शिरते. कायद्याने वजनावर छाप मारता येते. तराजू धरणाऱ्या हातावर मारता येत नाही. म्हणूनच उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार गणताना, घेताना जास्त व देताना कमी मापण्याचा दोष चोरीच्या पंक्तीस बसविला. श्रावकाच्या दुकानी अजाण बालक आले तरी त्यास पुरते माप मिळावे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ होय.

मण बाबिलोनचा असो वा बडोद्याचा, शब्द आपणांस वारशाने मिळाला. त्याचे वजन राखणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे. आमच्या तरुण बंधूंनी गादीवर बसताना एवढे ध्यानी ठेवावे, हीच विनंती.