बाळकुममध्ये दारूमुक्तीची मीटिंग कशी शोधायची?

"ताई, ती मीटिंग नेमकी कुठं भरते? आणि तिथं गेल्यावर नाव-गाव लिहून घेतात का?" बाळकुमच्या एका भगिनीने मला हे विहाराबाहेर, आवाज खाली आणून विचारले. तिचा नवरा पूर्वी दर पौर्णिमेला वंदनेला यायचा. पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी त्याचा आवाज बारीक व्हायचा, मग तो यायचाच बंद झाला. दारू मात्र बंद झाली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हे आपल्या समाजात लहान मुलालाही माहीत असते. त्यामुळे पिणाऱ्याला आपण चटकन "प्रतिज्ञा मोडणारा" ठरवतो. व्यसन जडलेल्या माणसाच्या बाबतीत एवढे पुरत नाही. मद्यासक्ती हा आजार आहे, तो पुन्हा उलटू शकतो आणि त्याला उपचार लागतात. लाज वाटून माणूस दारूपासून नाही, विहारापासून लांब जातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

मीटिंगच्या आधी एक गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर जिवावर बेतू शकते. हात थरथरणे, घाम आणि झोप उडणे इथून सुरुवात होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होणे, बरळणे, ताप असे गंभीर प्रकार दिसू शकतात. म्हणून आधी डॉक्टर. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग चालेल, ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. भास किंवा फिट असेल तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे.

आता मीटिंग. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने बेजार. एका पिणाऱ्याशी दुसरा पिणारा बोलला की त्या दिवसापुरती तरी दारू टळते, हे त्यांच्या लक्षात आले. आजही काम तेवढ्यावरच चालते. फी नाही, अर्ज नाही, जात-धर्म विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा ही एकच अट. आडनाव सांगावे लागत नाही, म्हणजे त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर "नाही". शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो, नवख्याने काही टाकले नाही तरी चालते.

शोधायचे कसे? एएच्या भारतातील संकेतस्थळावर पाहावे किंवा त्यांच्या हेल्पलाइनला फोन करून "बाळकुमहून जवळची मराठी किंवा हिंदी मीटिंग कोणती" असे विचारावे. वार, वेळ, भाषा आणि मीटिंग "ओपन" की "क्लोज्ड" हे विचारून घ्यावे. ओपन मीटिंगला घरचे माणूस सोबत जाऊ शकते, क्लोज्डला फक्त पिणारा. पत्ता बहुतेकदा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीचा निघतो, त्याने दचकू नये, ती नुसती जागा असते. बाळकुमला रेल्वे स्टेशन नाही, तेव्हा रात्री परतायची बस-रिक्षा आधी पाहून ठेवावी. ओळखीचे कुणी भेटेल अशी भीती असेल तर सरळ मुलुंड किंवा कल्याणची मीटिंग धरावी. पहिली पटली नाही तर दुसरी बघावी, प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन १४४४६, आणि मन फारच खचले असेल तर टेलिमानस १४४१६.

आपल्या लोकांची अडचण पुढे येते. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे. "आम्ही देव मानत नाही, मग कसे जायचे?" प्रश्न रास्त आहे. तिथे "आपल्याला समजेल तसा" अशी मोकळीक ठेवली आहे आणि बरेच नास्तिक सदस्य गटालाच आपली शक्ती मानतात. शेवटी प्रार्थना झाली तर गप्प उभे राहावे. कल्याणमित्राचे महत्त्व बुद्धांनी आनंदाला सांगितले होते, आणि रात्री अकराला तलफ आल्यावर फोन उचलणारा जुना सदस्य मला तरी कल्याणमित्रच वाटतो. बौद्ध विचारांवर उभा असलेला रिकव्हरी धर्म नावाचा गट २०१९ पासून आहे. इंग्रजी जमत असेल तर त्यांच्या ऑनलाइन मीटिंग बघता येतील.

नवरा यायला तयार नसेल तरी बायकोने थांबू नये. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट १९५१ पासून आहे. आणि "न सांगता दारू सोडवा" अशी पावडर जेवणात कालवू नका. डायसल्फिराम असलेले औषध पोटात असताना तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

चर्च खोली देतात, मग आपले विहार का देत नाहीत? आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास. एए फुकट जागा घेत नाही, आपल्या परीने भाडे देते. कमिटीने एवढेच पाळावे, की मीटिंग चालू असताना आत कोण बसले आहे हे बघायला कुणी दार उघडायचे नाही.