उत्तरभाग कां रेंगाळतो ?

सांप्रत घरोघरीं तरुण मंडळींच्या तोंडीं एक तक्रार ऐकूं येते. 'डॉन' या मारधाडीच्या बोलपटाचा तिसरा भाग येणार, येणार म्हणून मोठा डंका वाजला. पुढें मात्र वर्षें लोटलीं तरी चित्राचा पत्ता नाहीं, आणि मध्यंतरीं नायक बदलला, नायिकाही बदलली! वडील माणसांच्या मतें असल्या चित्रांची वाट पाहणें हाच मुळीं वेळेचा अपव्यय. नातवंडांच्या मतें ही प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक. आम्हांस हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. ज्या उपनगरांत आपण राहतों, त्याच मालाड-अंधेरीच्या भूमीवर हा प्रश्न पूर्वीं याहूनही बिकट रूपानें उभा राहिला होता, व त्याचें उत्तरही तेथेंच मिळालें होतें. म्हणून आज या विषयाचा थोडा विचार करूं.

प्रथम हकीकत पाहूं. मूळचा 'डॉन' १९७८ सालचा. कथा सलीम-जावेद या जोडीची, दिग्दर्शन चंद्रा बारोट यांचें, आणि अमिताभ बच्चन यांची दुहेरी भूमिका. निर्माते नरिमन इराणी हे व्यवसायानें छायालेखक. पूर्वींच्या एका चित्रांत बुडाल्यामुळें त्यांच्या डोक्यावर कर्जाचा बोजा होता, आणि तो उतरावा म्हणून स्नेह्यांच्या आधारानें त्यांनीं हें चित्र हातीं घेतलें. चित्र लोकांपुढें येण्यापूर्वींच ते अपघातांत निवर्तले. चित्राला अलोट यश मिळालें; तें पाहावयास मात्र ते उरले नाहींत.

पुढें जावेद अख्तर यांचे चिरंजीव फरहान यांनीं पित्याच्या कथेस नवा साज चढविला, आणि २००६ सालीं शाहरूख खान यांस नायक करून तें चित्र पुनः काढलें. त्याचा दुसरा भाग २०११ सालीं निघाला. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर नायक एकदां बदललाच होता, व तो बदल लोकांनीं मुकाट्यानें नव्हे तर आनंदानें स्वीकारला होता, ही गोष्ट तक्रार करणारांनीं ध्यानांत ठेवावी.

तिसऱ्या भागाचें घोडें अडलें तें येथून पुढें. कथा कोणत्या दिशेनें न्यावी याविषयीं आपलें व शाहरूख खान यांचें एकमत होऊं शकलें नाहीं, म्हणून आम्ही सलोख्यानें वेगळे झालों, असें फरहान अख्तर यांनीं उघड सांगितलें. ऑगस्ट २०२३ मध्यें रणवीर सिंग यांचें नांव नवा नायक म्हणून जाहीर झालें; फेब्रुवारी २०२४ मध्यें नायिका म्हणून कियारा अडवाणी यांचें. एका वर्षानें या बाईंनीं आपल्या घरीं पाळणा हलणार असल्याची वार्ता दिली, आणि त्यांनीं हें काम सोडल्याचें छापून आलें. दरम्यान खुद्द फरहान अख्तर १९६२ च्या रेझांग ला येथील संग्रामावरील '१२० बहादुर' या चित्रांत नट म्हणून गुंतले. तें चित्र नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रदर्शित झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस नवा नायकही बाजूस होत असल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत आल्या.

या हकीकतींत खलपुरुष कोण, हें शोधूं गेल्यास कोणीच सांपडत नाहीं. पहिलें कारण कथेचें. ज्या लेखकास आपल्या कथेविषयीं कांहीं मत आहे, त्याचा व नटाचा मतभेद होणें स्वाभाविक आहे. दुसरें कारण देहाचें. ज्या घरांत सुनेच्या बाळंतपणापुढें इतर सर्व बेत मागें सारले जातात, त्या घरास हें कारण समजावून सांगावयास नको. मारधाडीच्या चित्रांत तर देह हेंच मुख्य साधन. उड्या, झुंजी, धावपळ यांसाठीं महिनोन्‌महिने अंग तयार करावें लागतें, आणि तें तयार झालेलें अंग कांहीं कोठारांत ठेवतां येत नाहीं. तिसरें कारण तारखांचें. हें जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे.

लग्नसराईंत कार्यालय मिळतें तेव्हां भटजी मोकळे नसतात. भटजी मिळाले तर आचारी दुसरीकडे गुंतलेला असतो. सर्व जुळलें कीं वरपक्षाकडे सुतक येतें. एक तारीख हुकली म्हणजे नवी तारीख दुसऱ्या दिवसाची मिळत नाहीं, चार महिन्यांनंतरची मिळते. बोलपटाचें तसेंच आहे. नायक, नायिका, छायालेखक, झुंजी बसविणारे, स्टुडिओ आणि परदेशांतील स्थळांचे परवाने, हे सर्व एकाच मुहूर्तावर एकत्र यावे लागतात. एकानें आपल्या तारखा दुसऱ्या चित्रास दिल्या कीं सारी वीण उसवते. आणि या सर्व काळांत कर्जाऊ भांडवलाचें व्याज मात्र थांबत नाहीं.

उत्तरभाग काढणें ही कांहीं आजची टूम नव्हे. 'महावीरचरिता'नंतर भवभूतीनें 'उत्तररामचरित' लिहिलें, तें एका अर्थीं उत्तरभागच होय. पण भवभूतीचे राम-सीता त्याच्या लेखणीच्या आज्ञेंत होते. त्यांच्या तारखा मागण्याचा प्रसंग त्याजवर आला नाहीं. बोलपटाचें तसें नाहीं. मुंबईंतच १९३५ सालीं वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' हा साहसपट निघाला, आणि नादिया ही चाबूक फिरविणारी, घोड्यावरून दौड करणारी नटी घराघरांत ठाऊक झाली. 'हंटरवाली की बेटी' हा तिचा पुढील भाग येण्यास १९४३ साल उजाडलें. तेवढ्या आठ वर्षांत वाडिया बंधूंच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या, परळचा त्यांचा स्टुडिओ शांतारामबापूंकडे गेला होता, आणि धाकटे होमी वाडिया यांनीं 'बसंत पिक्चर्स' ही नवी संस्था काढली होती. नायिका तीच राहिली. संस्था मात्र बदलली. तेव्हां उत्तरभागाच्या वाटेंत खांचखळगे पहिल्यापासूनच आहेत.

आतां पात्रपालटाकडे वळूं. नट बदलला म्हणजे भूमिका बाटली, ही समजूत आपल्या परंपरेस धरून नाहीं. कोणत्या प्रकृतीच्या नटास कोणती भूमिका द्यावी, याचा विचार भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत स्वतंत्रपणें केला आहे. म्हणजे भूमिका आधीं आणि नट तिच्या शोधांत मागून, हा क्रम पुरातन आहे. किर्लोस्कर मंडळींत भाऊराव कोल्हटकरांनीं शकुंतला गाजविली. ते १९०१ सालीं वारले, तेव्हां आतां शाकुंतल संपलें असें रसिकांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु १९०५ सालीं नारायणराव राजहंस मंडळींत आले, शकुंतला होऊन उभे राहिले, आणि महाराष्ट्रानें त्यांस बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलें. बोलपटांतही १९३४ सालीं प्रभातचें 'अमृतमंथन' मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघालें, तेव्हां राजगुरूची एकच भूमिका मराठींत केशवराव दात्यांनीं व हिंदींत चंद्रमोहन यांनीं केली. दोघांपैकीं खरा राजगुरू कोणता, असा प्रश्न कोणी विचारला नाहीं.

हे चंद्रमोहन आपल्या तेजस्वी डोळ्यांविषयीं प्रसिद्ध होते. त्यांचेंच नांव आम्हांस मालाडच्या त्या जुन्या हकीकतीकडे घेऊन जातें.

के. आसिफ या तरुण दिग्दर्शकानें अकबर, सलीम व अनारकली यांच्या कथेवर 'मोगल-ए-आझम' काढण्याचें मनांत घेतलें. १९४६ च्या सुमारास मालाड येथें बॉम्बे टॉकीजच्या आवारांत चित्रणास आरंभ झाला. अकबर चंद्रमोहन, सलीम सप्रू, अनारकली नर्गिस, आणि भांडवल शिराझ अली हकीम यांचें. वर्ष-सवा वर्षांत देशाची फाळणी झाली व हकीम पाकिस्तानांत निघून गेले. १९४९ सालीं चंद्रमोहन यांचा अंत झाला. भांडवलदार परदेशीं आणि बादशहा परलोकीं, अशा स्थितींत कोणीही शहाणा मनुष्य चित्रास तिलांजली देता. आसिफ यांनीं ती दिली नाहीं.

बांधकामाच्या धंद्यांतले शापूरजी पालनजी हे भांडवल घालण्यास तयार झाले, आणि एकोणीसशें पन्नासनंतर सर्व कांहीं पहिल्यापासून सुरू झालें. अकबराचे जागीं पृथ्वीराज कपूर आले, जोधाबाई आमच्या दुर्गाबाई खोटे झाल्या, अनारकली मधुबाला आणि सलीम दिलीपकुमार. गंमत अशी, कीं हेच दिलीपकुमार आरंभीं सलीमच्या भूमिकेस आसिफ यांस योग्य वाटले नव्हते! काळ लांबला नसता तर आज जो सलीम लोकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो, तो मुळीं झालाच नसता.

परंतु विलंबाची किंमतही थोडी नव्हती. आसिफ यांची जुळवाजुळव चालूच होती, तों १९५३ सालीं शेजारच्या गोरेगांवच्या फिल्मिस्ताननें तीच कथा घेऊन 'अनारकली' काढलें. बीना राय नायिका, आणि पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर यांचें संगीत. तें चित्र देशभर गाजलें. आपल्या कथेवरचें दुसऱ्याचें चित्र डोळ्यांदेखत यशस्वी झालेलें पाहूनही काम पुढें चालवावें, यास किती जिवट मन लागत असेल! अंधेरीच्या मोहन स्टुडिओंत शीशमहालाचा दिवाणखाना उभारावयास दोन वर्षें लागलीं. लांबी १५० फूट, रुंदी ८०, उंची ३५, आणि खर्च पंधरा लाखांहून अधिक. त्यासाठीं बेल्जमहून कांच आणविली होती. हजारों आरशांवरून दिव्यांचा प्रकाश उलटून छायाचित्रच उमटेना. तो पेंच छायालेखक आर. डी. माथुर यांनीं सोडविला. बापलेकांच्या संग्रामासाठीं खुद्द सैन्यांतील शिपाई व घोडेस्वार आणले गेले, तेव्हां झुंजीच्या चित्रांस लागणारा खर्च व खटाटोप कांहीं आजचा नव्हे. मधुबालेस हृदयाचा विकार होता, आणि तशा प्रकृतींत तिला अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या घेऊन उभें राहावें लागलें. १९६९ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं ती गेली. चित्राच्या भव्यतेचें कौतुक करतांना तिचे ते कष्ट विसरतां कामा नयेत.

चित्र बहुतेक पुरें होत आलें, तेव्हां रंगीत चित्रणाची सोय झाली होती. कांहीं भाग रंगीत झाला, तो पाहून सर्व चित्र पुनः रंगांत काढावें असें आसिफ म्हणूं लागले! अर्थात्‌ वितरकांचा धीर संपला होता; त्यांनीं तें मानलें नाहीं. अखेर ५ ऑगस्ट १९६० रोजीं मुंबईच्या मराठा मंदिरांत 'मोगल-ए-आझम' प्रदर्शित झाला. मालाडच्या पहिल्या चित्रणापासून चौदा वर्षें झालीं होतीं. पुढें २००४ सालीं सर्व चित्रास रंग देऊन तें पुनः दाखविण्यांत आलें. म्हणजे आसिफ यांची इच्छा त्यांच्या पश्चात्‌ कां होईना, पुरी झाली.

एवढ्यावर थांबलों तर 'धीर धरी रे' एवढाच बोध निघेल, आणि तो अर्धवट ठरेल. याच आसिफ यांनीं पुढें लैला-मजनूच्या कथेवर 'लव्ह अँड गॉड' हें चित्र हातीं घेतलें. मजनूच्या भूमिकेंत गुरुदत्त होते. ऑक्टोबर १९६४ मध्यें त्यांचा अकालीं अंत झाला. कांहीं वर्षांनीं संजीवकुमार यांस घेऊन काम पुनः सुरू झालें. येथपर्यंत सर्व कांहीं पूर्वींसारखेंच घडलें. परंतु मार्च १९७१ मध्यें आसिफच वारले. त्यांच्या पत्नीच्या खटपटीनें तें अपुरें चित्र कसेंबसें जुळवून १९८६ सालीं लोकांपुढें आलें. तोंपर्यंत संजीवकुमारही हें जग सोडून गेले होते. लोकांनीं तें चित्र फारसें पाहिलें नाहीं.

या दोन चित्रांची तुलना केली असतां मर्म सहज ध्यानीं येतें. पहिल्यांत भांडवलदार गेला, अकबर गेला, नायक-नायिका बदललीं, प्रतिस्पर्ध्यानें कथा पळविली, तरी चित्र तरलें. कारण ज्याच्या मनांत तें प्रथम उगवलें तो मनुष्य जागेवरून हलला नाहीं. दुसऱ्यांत नट बदलून मिळाला, पण सूत्र धरणारा हातच सुटला. आपल्या पूर्वजांनीं नाटकाच्या आरंभीं येणाऱ्यास 'नायक' म्हटलें नाहीं, 'सूत्रधार' म्हटलें, यांत फार मोठें शहाणपण आहे. नटास दुसरा नट मिळतो. सूत्रधारास दुसरा सूत्रधार मिळणें कठीण.

'डॉन'च्या तिसऱ्या भागासही हीच कसोटी लावावी. नायक कोण होता आणि कोण होणार, ही चर्चा वर्तमानपत्रांचा रकाना भरण्यास ठीक आहे. विचारावयाचा प्रश्न निराळाच: पित्यानें लिहिलेली ही कथा पुढें कोठें न्यावयाची, हें पुत्राच्या मनांत पक्कें आहे काय? तें असेल तर चार वर्षें अधिक लागलीं व चार नट बदलले, तरी कांहीं बिघडत नाहीं. तें नसेल, आणि केवळ मागल्या यशाचें व्याज खाण्यासाठींच उत्तरभाग निघत असेल, तर तोच नायक ठरल्या तारखेस येऊनही तें चित्र जन्मास येतांच शिळें होईल.

आमच्या तरुण वाचकांस एवढेंच सांगणें, कीं जाहिरात आणि चित्र यांत पुष्कळ अंतर असतें, आणि त्या अंतरांत माणसांचीं आयुष्यें असतात. कोणाचें बाळंतपण, कोणाचें आजारपण, कोणाचें कर्ज, कोणाचा मृत्यु. नरिमन इराणींस आपलें यश पाहावयास मिळालें नाहीं, चंद्रमोहन यांचा अकबर कोणासच पाहावयास मिळाला नाहीं. पडद्यावर अडीच तासांत सरकून जाणाऱ्या चित्रामागें हें सर्व उभें असतें. तेव्हां विलंब झाला म्हणून रागावण्यापूर्वीं काम कोण धरून बसलें आहे तें पाहावें. तो मनुष्य जागेवर असेल, तर वाट पाहण्यास हरकत नाहीं.