‘हुकी’ गाणे म्हणजे काय?

इंग्रजी बोलीभाषेत मनात चटकन रुतणाऱ्या गाण्याला ‘हुकी’ म्हणतात. आपल्या ‘हुक्की येणे’ या वाक्प्रचाराशी त्याचा संबंध नाही. मूळ शब्द ‘हुक’, म्हणजे आकडा किंवा मासेमारीचा गळ. जी ओळ वा सुरावट श्रोत्याला गळासारखी धरून ठेवते, तिला संगीतकार ‘हुक’ म्हणू लागले. त्यावरून हे विशेषण झाले.

आपल्या अभंगात हे काम ध्रुपद करते. १३६ व्या स्तोत्रात तर सर्व २६ वचनांच्या अखेरीस एकच पालुपद येते.

लासूर स्टेशनच्या बाजारात कानी पडलेली चाल घरापर्यंत सोबत येते, तिच्यासोबत शब्दही येतात. म्हणून उपासनेचे गीत निवडताना चालीबरोबर शब्दही पारखून घ्यावेत. वाचता न येणाऱ्या आजीला तेच पाठ होतात.