स्टार्टर पडतो म्हणून मोटार वाचते



उन्हाळ्यात उसाला ८ ते १० दिवसांनी पाणी लागते. नेमकी तेव्हाच मोटार जळाली, तर पाळी चुकते. रिवायंडिंगचा खर्च लगेच दिसतो. पण कांड्या आखूड राहिल्याचे नुकसान गाडी काट्यावर येईपर्यंत कळत नाही.

गटात फिरताना पुष्कळ ठिकाणी दिसते, की स्टार्टर सारखा पडतो म्हणून ओव्हरलोड रिले डायरेक्ट केलेला असतो, नाहीतर त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर नेलेला असतो. फ्यूजला दुहेरी तार असते ती वेगळीच. बंधूंनो, राखणदाराचे तोंड बांधल्याने चोर थांबत नाही.

मोटार सुरू होताना ६ ते ७ पट करंट ओढते, पण तो काही सेकंदच. तेवढा वेळ रिले दम धरतो. जास्त करंट टिकून राहिला तरच तो पडतो. कारणे बहुधा तीन असतात. पहिले, कमी व्होल्टेज. ४१५ व्होल्टला ७.५ अँपिअर घेणारी मोटार तेवढ्याच कामाला ३५० व्होल्टवर ९ च्या आसपास घेते. दुसरे, घासणारे बेअरिंग किंवा पंपात अडकलेला कचरा. तिसरे, एक फेज जाणे. चालत्या मोटारीची एक फेज गेली, की उरलेल्या दोन तारांत करंट सुमारे पावणेदोन पट होतो. रात्री ऑटो स्विचवर मोटार असेल, तर ती जागेवरच गुरगुरत तापते आणि जवळ कोणी नसते. यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवाच.

रिलेचा काटा मोटारीच्या पाटीवरील अँपिअरवर ठेवावा. स्टार-डेल्टाची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे रिले बहुधा वायंडिंगच्या तारांत असतो आणि त्यातून ५८ टक्केच करंट जातो. पाटीवर १५ अँपिअर असेल, तर काटा ८.७ वर हवा. तो १५ वर ठेवला, तर रिले असून नसल्यासारखा.

आता काहींनी मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवले आहेत. ड्राइव्ह करंट स्वतः मोजतो आणि जास्त झाला की मोटार बंद करतो. परंतु त्यात पाटीवरचा आकडा आपणच भरायचा असतो. आकडा चुकीचा भरला, तर ड्राइव्ह चुकीच्याच आकड्याची राखण करील. त्याच्या आतले इलेक्ट्रॉनिक भाग इतके नाजूक असतात, की साधा फ्यूज उडण्याआधीच ते जातात. म्हणून ड्राइव्हने एरर दाखवली, की पुन्हा पुन्हा रिसेट मारू नका. आधी केबल आणि पंप तपासा.

उन्हाळी पाळ्या सुरू होण्यापूर्वी मेन स्विच बंद करून वायरमनकडून रिले तपासून घ्या. स्टार्टर पडला, की आधी कारण शोधा आणि मगच बटण दाबा.