मोटारीचे स्पीकर बदलताना वॉटच्या आकड्याला भुलू नका!

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला. मोटारीतील गाणे मात्र आवाज वाढविताच फाटते. दोष बहुधा कंपनीने बसविलेल्या छोट्या चुंबकाच्या स्वस्त स्पीकरचा असतो. त्याऐवजी मिळणाऱ्या कंपोनंट संचात खर्जासाठी दारात वूफर, तारस्वरांसाठी आरशाजवळ ट्विटर आणि स्वरांची विभागणी करणारा क्रॉसओव्हर असतो. खोक्यावरील ‘३०० वॉट’ ही क्षणिक कमाल क्षमता होय. मूळ स्टिरिओ प्रत्येक स्पीकरला सलगपणे जेमतेम १५ ते २० वॉट पुरवितो. त्यामुळे स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. ती तीन डेसिबलने अधिक असल्यास निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज मिळतो. मूळ वायर कापू देऊ नये, तयार कपलर वापरावा. अन्यथा वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. दाराचा पत्रा थरथरत असल्यास महागडा स्पीकरही खडखडतोच. तेव्हा आधी आतून डॅम्पिंग शीट लावून घ्यावी.