पणजीचं गोंदण डाग नाही

‘नॅनो बनाना’ या एआय साधनानं फोटोंत नेसवलेल्या साड्यांची लाट २०२५च्या सप्टेंबरात आली नि ओसरली. सवय मात्र राहिली. आता घरातले फाटके, पिवळे पडलेले फोटोही एआयला देऊन ‘नवं करून दे’ म्हणतात. काही सेकंदांत चकचकीत फोटो येतो, सगळे हरखतात. पण फोटोतल्या बाईकडे नीट बघा. पणजीच्या कपाळावरचं गोंदण पुष्कळदा डाग म्हणून पुसलं गेलेलं असतं, गालांवरचे देवीचे व्रण गुळगुळीत झालेले असतात, नथीची घडणही बदललेली असते. एआय हरवलेला तपशील शोधून काढत नाही. आधी पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून तिथे काय असू शकेल ते नव्यानं रचतं. मग श्राद्धाला आपण हार घालतो तो कुणाच्या फोटोला?

हातानं केलेल्या दुरुस्तीला वेळ लागतो, पण काय बदलायचं ते आपण ठरवतो. फोटोशॉपला दरमहा पैसे मोजावे लागतात. गिम्प हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि मार्च २०२५मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीत मूळ चित्राला धक्का न लावता बरेच बदल करता येतात. घरच्या कामाला तेवढं पुरे.

निम्मं काम स्कॅनिंगमध्येच होतं. फोटो फ्रेममधून बाहेर काढा, ६०० डीपीआयवर स्कॅन करून टिफमध्ये ठेवा आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच घ्या. खरी किमया इथे आहे. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल वेगळे करून पाहा. पिवळा-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतो आणि लाल चॅनलमध्ये खूप फिका, कारण पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो आणि लाल परत पाठवतो. कृष्णधवल फोटोचा फक्त लाल चॅनल ठेवला, की चेहऱ्याला ब्रशही न लावता बरेच डाग जातात.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत फोटोंचं दुखणं वेगळं. त्यांतला निळसर सायन रंग बहुधा आधी उडतो, म्हणून लग्नाचे अल्बम लालसर झालेले दिसतात. तिथे ब्राइटनेस वाढवून काही साधत नाही. लेव्हल्स उघडा, एकेक चॅनल निवडा आणि दोन्ही टोकांचे त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो नि संपतो तिथवर सरकवा. शालूचा हिरवा रंग बराचसा परत येतो.

भेगा आणि ओरखड्यांसाठी हीलिंग किंवा क्लोन वापरा, तेही नव्या लेअरवर आणि भेगेपेक्षा किंचितच मोठा ब्रश घेऊन. भेग डोळ्यावरून गेली असेल तर त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो शोधा. नसेल तर भेग राहू द्या. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग करायचे, पण तो माणूस त्यांच्यासमोर बसून गेलेला असायचा. आपल्यापुढे फक्त कागद आहे.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ स्कॅन वेगळा जपा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का किंवा शाईनं लिहिलेली तारीख तिथेच सापडते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. मागच्या रांगेत कोण उभं आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. ती नावं आजच विचारून फाइलसोबत लिहून ठेवा.